उन्हात दिसलेले चरे

जे घाईलाच कर्तबगारी म्हणतात, त्यांनी आपलं काम एकदा तरी उन्हात नेऊन पाहावं.

वस्तू एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. एका गॅरेजमध्ये पॉलिशचं मशीन होतं. एक दिवस त्याच्यापुढे जुनी काळी मोटार आली. तिच्या अंगावर अजून कारखान्यातला पहिलाच रंग होता आणि तिला तो जपायचा होता.

काम चालू असताना मशीनचा स्पंज निसटून जमिनीवर पडला. "मला आधी धुऊन घे, वाळू चिकटलीय," तो म्हणाला.

"मागे रांग लागलीय. तुझे लाड नंतर," असं म्हणून मशीनने तोच स्पंज लावला आणि ते गरगर फिरू लागलं.

सावलीत मोटार आरशासारखी दिसत होती. बाहेर उन्हात गेली, तेव्हा तिच्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे चमकले.

मशीन ओशाळलं. "बाई, पुन्हा घासून देऊ? चरे जातील."

"चरे जातात म्हणजे तेवढा माझा रंगच जातो," मोटार म्हणाली. "आता उरलाय किती?"

मशीनला हे आधीच ठाऊक होतं. धुतलेला मऊ स्पंज लावून ते अगदी हळू फिरलं. बारीक चरे गेले. बॉनेटवरचे खोल चरे मात्र त्याला ठेवावे लागले, कारण आणखी घासलं असतं तर पत्रा उघडा पडला असता.

"एवढंच जमलं," मशीन म्हणालं. बॉनेटवरचे चरे घेऊन मोटार उन्हात निघून गेली.

रांगेतली लाल स्कूटर हळूच म्हणाली, "माझं उद्या केलंत तरी चालेल हं."