मधल्या सोंडेची तूर

आसणवाडीच्या डोंगराला तीन सोंडा आहेत. या ओट्यावर बसले की तिन्ही एका नजरेत येतात. डावी आणि उजवी टक्कल पडलेली. नुसता काळा कातळ, पावसाळ्यात शेवाळाने जरा हिरवा होतो एवढेच. मधली मात्र भर उन्हाळ्यातही झिपरी. तिच्या पायथ्याला झरा आहे, तुमच्या तांब्यातले पाणी त्यातलेच. तिन्हींचा दगड एक, पाऊस एक, वारा एक. मग असे का, हे पाहुणे विचारतातच. न विचारले तर आम्ही विचारायला लावतो.

दुसरी गोष्ट, या गावात कोणी काही उपटत नाही. नाचणी कापायची, गवत कापायचे, तणसुद्धा मातीसरसे छाटायचे. मुळा, रताळी, भुईमूग ही मंडळी आमच्याकडे बाजारातूनच येतात. मागे एका शाळामास्तरांनी परसात गाजरे लावली होती. गाजरे उत्तम धरली, पण काढणार कोण? शेवटी त्यांना फुले आली, बी धरले आणि मास्तरांची बदली झाली. हे माझ्या डोळ्यांसमोरचे. पुढचे ऐकीव आहे, म्हणून त्यात खोटे जरा कमी आहे.

फार पूर्वी तिन्ही सोंडांवर माती होती, असे सांगतात. त्या काळच्या आसणवाडीकरांना स्वच्छतेचा भारी सोस. पीक निघाले की धसकटे मुळासकट उपटायची, काडी काडी वेचून जाळायची आणि वावर असे करायचे की वरच्या बांधावरून मोहरी सोडली तर ती पायथ्याला जाऊन थांबावी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, गावचा भगत सगळी वावरे फिरून बघायचा. ज्याचे वावर आरशासारखे, त्याचा नारळ भुईमायेपुढे पहिला फुटायचा. मग पाऊस लागला की ओढा लाल होऊन धावायचा आणि माणसे काठावर उभी राहून म्हणायची, "बघा, डोंगर कसा न्हातोय!" जात होती ती आपलीच जमीन, पण थोडी थोडी जात असल्याने कोणाला तसे वाटले नाही. नाचणी दरसाल आखूड होत गेली, उन्हाळ्यात झरा आटू लागला. भगताने दोष अर्थातच सुनांच्या पायगुणावर ठेवला.

मधली सोंड ठकूबाईची. नवऱ्यामागे तिने ती राखली होती आणि पहिल्या नारळाचा मान बहुतेक आखित्यांना तिच्याच घरी यायचा. मुलगा लुमा स्वभावाने गरीब. कोणी काहीही म्हटले की "बरं" म्हणायचा. गुडघे धरले तसे ठकूबाईने वावर सुनेच्या हाती दिले. सून चांगुणा घाटाखालची. तिने बापाच्या रीतीने नाचणीच्या ओळींत तूर टाकली, आणि पेरताना मातीवर तळवा टेकून भुईमायेशी करार केला, "वरचं माझं, खालचं तुझं." देवीशी इतके रोखठोक तोवर कोणी बोलले नव्हते म्हणे. सगळे आपले मागतच आलेले.

पीक आले. चांगुणाने नाचणीची कणसे खुडली, ताटे कापली, धसकटे ठेवली. तुरीच्या शेंगा तोडून झाडे गुडघाभर उंचीवर छाटली, तर त्यांना पुन्हा पालवी फुटली. खाली काय चालले होते ते वरून दिसण्यासारखे नव्हते. नाचणीच्या मुळांनी केसांच्या जटेसारखी माती आवळून धरली होती. तुरीचे सोटमूळ मात्र खिळ्यासारखे सरळ मुरमात शिरले आणि कातळाची भेग शोधत आणखी खाली गेले. त्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी धरल्या. चांगुणा म्हणायची, हा भुईमायेचा शिधा, तूर स्वतः खाते आणि शेजारच्या नाचणीलाही पोसते. जुने मूळ कुजले की त्याच्या जागी बारीक नळी राही आणि पाणी तिच्यातून गुपचूप आत उतरे.

आखितीला भगत आला. बांधावर पाय ठेवतो न ठेवतो तोच धसकटाने त्याचा अंगठा फोडला.

"ठकूबाई," तो म्हणाला, "वावर आहे, का न्हावी अर्धी हजामत टाकून पळाला?"

सगळा गाव हसला. नारळ डाव्या सोंडेवाल्यांचा फुटला. ठकूबाई घरी आली ती पाणीही न पिता बोलली.

"पाऊस लागायच्या आत ती धसकटं निघाली पाहिजेत."

"नाही निघायची, आत्याबाई. मी शब्द देऊन बसलेय."

"कोणाला?"

"भुईला."

"मग माहेरी जाऊन बस. तिकडंही भुई असेलच."

लुमा म्हणाला, "बरं." कोणाला म्हणाला, ते दोघींनाही कळले नाही.

चांगुणाच्या भावाला निरोप गेला, बहिणीला घेऊन जा. त्या काळी अशी माहेरी धाडलेली बाई सहसा परत येत नसे. तिचे गाठोडे बांधून खुंटीला लागले. पण भाऊ निघायच्या आधी पाऊस निघाला. घाटाची वाट बंद पडली आणि गाठोडे खुंटीलाच राहिले. चांगुणा वावरात जायची, धसकटांच्या मधोमध नाचणीची रोपे लावायची.

आषाढात पावसाने ठाण मांडले. घरे ओढ्याच्या अलीकडे होती, वर कोणी फिरकत नव्हते. एका सकाळी जरा उघडीप पडली, तशी ठकूबाई काठी टेकत सोंडेवर चढली. सून जायची तेव्हा जाईल, तोवर गावाने हसू नये एवढा तिचा हिशेब. डाव्या सोंडेला लागून असलेल्या बांधावर एक तूर होती. ठकूबाईने काठी टाकली, तूर दोन्ही हातांनी धरली आणि हिसका दिला. तूर हलली नाही. दुसरा हिसका दिला. ठकूबाई हलली, तूर नाही. त्या तुरीचे मूळ डोंगराच्या आरपार गेले होते म्हणे. ही इकडे ओढायची, तेव्हा पलीकडच्या गावात विहिरीवरचा रहाट कुरकुरायचा. पलीकडचे लोक हे नाकारतात. पण ते आमचे काहीच कबूल करत नाहीत.

चांगुणा खालून ओरडत आली, "आत्याबाई, सोडा ती!"

"आधी उपटते, मग सोडते."

तेवढ्यात डावी सोंड सरकली. आधी आवाजच नव्हता. झोपलेल्याच्या अंगावरून घोंगडी घसरावी तशी सगळी माती कातळावरून घसरली. आवाज मागून आला. पहिल्या नारळाचे ते आरशासारखे वावर, बांध, दगड, सारे ओढ्यात गेले. जाताना त्याने ठकूबाईच्या पायाखालचा बांधही नेला. ती तुरीला धरून कड्यावर लोंबू लागली. पाठोपाठ उजवी सोंड गेली. मधली थरथरली, पण पाणी तिच्या पोटात उतरत राहिले आणि पायथ्याशी निवळ होऊन बाहेर पडत राहिले.

"सूनबाई, ही तूर सुटेल का गं?"

"तुम्ही सकाळपासून तेच तर बघताय."

एवढे बोलून चांगुणा पालथी पडली, पायांचा विळखा मागच्या दोन तुरींना घातला आणि सासूला मनगटाला धरून वर घेतले. त्या सोंडेवर ओढून काढलेले शेवटचे काय ते एवढेच, असे सांगतात.

त्या वर्षी तिन्ही सोंडांची माणसे मधल्या सोंडेचीच नाचणी खाऊन राहिली. वाट उघडली आणि चांगुणाचा भाऊ आला, तेव्हा ठकूबाईने खुंटीवरचे गाठोडे स्वतः काढून त्याच्या हाती ठेवले. त्याने हबकून सोडून बघितले, तर आत तुरीचे बी. बहिणीची लुगडी दांडीवर वाळत होती.

"न्यायला आलास ना?" ठकूबाई म्हणाली. "ने. तुमच्याकडचंच आहे, आमच्याकडं जास्त झालं."

लुमा काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखलेच.

आजही आखितीला नारळ फुटतो, पण धसकटाने भगताचा अंगठा जिथे फुटेल त्या वावराचा. आजही आसणवाडीत नवी सून आली की पहिल्या आषाढात सासू-सुना मधल्या सोंडेच्या कडेला जातात. सासूने तूर दोन्ही हातांनी धरून मनापासून जोर लावायचा, खोटा नाही. ती हलली नाही की सासूने कडेला बसायचे आणि वर ओढून घेण्यासाठी सुनेपुढे हात करायचा. सुनेने तो हात धरायचाच, हा नियम आहे. किती वेळाने धरायचा, याला नियम नाही.