उंबरजेशेठची पाटी

सोलापुरात उंबरजेशेठच्या शेंगाचटणीचा मोठा बोलबाला. दुकानावर ऐटीत पाटी झळकायची: 'अशी चव दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. आमची कोठेही शाखा नाही.'

त्यांच्याकडे वर्षानुवर्षं उखळात चटणी कुटणाऱ्या सुगलाबाईनं नोकरी सोडली आणि शेजारच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. शेठचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी तिला कोर्टात खेचलं.

न्यायाधीश म्हणाले, "नोकरी सोडल्यावर तोच धंदा करायचा नाही, हा तुमचा करार कायद्यात टिकत नाही, शेठ. पण तिनं तुमचं गुपित चोरलं असेल, तर दुकान बंद करायला लावीन."

"चोरलंच आहे, साहेब! हिची चटणी चाखून बघा. हुबेहूब आमचीच चव!"

या आवाजापुढे सुगलाबाईची मान आजवर कधी वर झाली नव्हती. आज झाली.

"शेठ, शपथेवर सांगा. तुमच्या दुकानावरची पाटी खरी की खोटी?"

"खोटी?" शेठ कडाडले. "आजोबांनी लावलेली पाटी आहे ती! अक्षर न् अक्षर खरं!"

"मग तुमची चव माझ्याकडे मिळेलच कशी? आणि मिळत असेल, तर पाटी आजच उतरवा. फळी सागवानी आहे, माझ्या दुकानाला कामाला येईल."

कोर्टात बसलेली निम्मी माणसं शेठची गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे बघत शेठनी घाम पुसला.

"तशी... जरा वेगळीच लागते, साहेब."