सहावा प्लग

“आकडा बरोबर हाय, उस्ताद. मग पिस्टन का जळतोय?”

सर्जेराव चौगले हे तिसऱ्यांदा विचारत होता. बाबालाल उस्ताद स्टोव्हवरच्या चहाकडे बघत होते. चहा उतू जाण्याची त्यांना जेवढी काळजी होती, तेवढी सर्जेरावच्या पिस्टनची दिसत नव्हती.

“उस्ताद!”

“वरडू नगंस. ह्या बाजूनं बोल.” उस्तादांनी उजवा कान पुढे केला. “डावा पार गेला. ह्यो अजून थोडा चालतोय.”

सर्जेरावच्या तोंडचं पाणीच पळालं. तो त्या कानांसाठीच तर आला होता.

फोंडा घाटाच्या माथ्यावरच्या या पत्र्याच्या गॅरेजात तो अकरा वर्षं शिकला. उस्ताद चालत्या इंजिनाच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाशी धरायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचे. कोकणातून वर येणारे ड्रायव्हर त्या कानांच्या शपथा घ्यायचे.

पाच वर्षांपूर्वी सर्जेराव इथून निघाला तो मोठ्या ऐटीत. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण आकड्यात दाखवणारं एक मीटर त्यानं आणलं होतं. जाताना म्हणाला होता, “कान लावायचं दिवस गेलं, उस्ताद. आता आकडा बोलतोय.”

उस्ताद “बरं” म्हणाले होते. एवढंच.

त्यानंतर या रस्त्यानं येणारा कुणीही भेटला की सर्जेराव विचारायचा, उस्ताद कसे आहेत? बरे आहेत, असं उत्तर यायचं आणि विषय संपायचा. कानांचं कुणी सांगितलं नाही. त्यानंही कधी खोदून विचारलं नाही.

“कवापासनं असं?”

“झाली की दोन वर्सं.” उस्तादांनी चहा गाळून त्याच्यापुढे ठेवला. “घरी कसं हाय?”

“समदी बरी हायत.”

“हूं… मघाशी खाली उतरून गेलास. बगितलं मी.”

सर्जेरावनं मान खाली घातली. तो गॅरेजवरून सरळ पुढे गेला होता, अख्खा घाट उतरला होता आणि तसाच पुन्हा चढून आला होता. मीटर नीट बघायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे दारात थांबायचं धाडस होत नव्हतं.

“चढ संपला तसं हितंच बंद केलं इंजिन,” तो म्हणाला. “चढताना साडेअकरा. हालला न्हाई आकडा. एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा. जोर लावल्यावर तेवढंच पायजे.”

“मग चांगलं हाय की.”

“चांगलं हाय तर पिस्टन का जळतोय?” सर्जेरावचा आवाज फाटला. तीन महिन्यांत दोनदा इंजिन उघडून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. नखांतलं ग्रीस आता साबणालाही दाद देत नव्हतं.

उस्ताद चहा पीत राहिले.

दाराशी उभा असलेला ट्रक लष्कराच्या लिलावातला होता. जुना, पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरचा. सर्जेरावनं त्याला सुपरचार्जर जोडला होता. पट्ट्यावर फिरणारा हा पंखा इंजिनात हवा कोंबतो आणि हवेच्या बरोबरीनं पेट्रोल मिळालं तर इंजिन दुप्पट जोर करतं. नाही मिळालं, तर आतून जळतं. गावाकडच्या माळावर दरवर्षी भरल्या ट्रकांनी टेकडी चढायची स्पर्धा होते, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

“पयला पिस्टन घरीच गेला. दुसरा माघात, स्पर्धेत,” सर्जेराव सांगू लागला. “निम्म्या चढावर इंजिन बसलं. इंजिन बसल्यावर ब्रेकचा जोरबी गेला. ट्रक चाळीस फूट मागं आला, उस्ताद. खाली दगड होता म्हणून थांबला. आईनं त्या दगडाला नारळ फोडला.”

“चालवत कोण होतं?”

“आनंदा. धाकटा भाऊ.”

“आता?”

“आताबी त्योच. माघातली ऱ्हायलेली चढाई ह्या रविवारी हाय.”

“त्यो काय म्हणतोय?”

“त्यो काय म्हणणार? पयल्यापासनं मुखदुर्बळ. त्या दिसापासनं जरा जास्तच. जेवायलाबी समद्यांच्या मागनं बसतोय. जरा भित्राच हाय त्यो… बसंल की रविवारी.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. खाली घाटात एक गाडी गिअर बदलत वर येत होती. सर्जेरावला ती ऐकू आली, उस्तादांना नाही.

“कितवा पिस्टन?”

“सहावा. दोन्ही डाव.”

“पाच चांगलं ऱ्हायलं, आणि दोन्ही डाव सहावाच गेला?”

“पिस्टनच कमजोर निघाला. दुसराबी तसलाच. आता भारीतला घातलाय.”

“आणि तुजं मीटर, ते कितव्याचं?”

“समद्यांचं. सहा जणांचा धूर फुडं एका नळीत येतोय. तितं बसवलंय.”

“म्हंजे समद्यांचं मिळून.”

“व्हय.”

“आणि ते म्हणतंय, बरं हाय.”

“व्हय, उस्ताद. तेच तर…”

“प्लग काढ.”

सर्जेरावला ते आवडलं नाही. मीटर घेतल्यापासून त्यानं प्लग बघायचं सोडलं होतं. ठिणगी पाडणारा तो वीतभरसुद्धा नसलेला तुकडा काढून त्याच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखायची, ही जुन्या लोकांची रीत, असं तो इतरांना सांगायचा. वर हसायचासुद्धा.

पण आज हसायचं त्राण नव्हतं. त्यानं पाना घेतला, बोटं भाजून घेत पहिला प्लग काढला आणि सवयीनं डब्यात टाकला.

उस्तादांनी तो डब्यातून उचलला आणि समोरच्या फळीवर ठेवला.

“वळीनं,” ते म्हणाले.

दुसरा आला. तिसरा. चौथा. पाचवा. सगळ्यांची टोकं काळपट, थोडी काजळी धरलेली. पोट भरून वर उरलेलं पेट्रोल.

सहावा सर्जेरावनं काढला आणि तो हातातच धरून राहिला. चटका बसतोय हेही त्याला कळलं नाही.

पांढरा. चुना फासल्यासारखा पांढरा. टोकाशी वितळलेल्या धातूचे बारीक मणी.

याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. शिकायला लागल्याच्या पहिल्या महिन्यात हे त्याला शिकवलं होतं, आणि याच फळीवर शिकवलं होतं. पाच जण पोटापेक्षा जास्त खात होते, सहावा उपाशी जळत होता आणि मिळून आकडा झकास येत होता.

“पंखा समोरनं हवा कोंबतोय,” उस्ताद म्हणाले. त्यांचं बोट इंजिनाच्या लांबीवरून शेवटपर्यंत फिरलं. “हवा सरळ धावती. समद्यात जास्त आदळती ती शेवटाला. आणि पेट्रोल पाच जणांस्नी वाटत वाटत तितं जातंय.”

“आणि मी म्हणलो…”

“कमजोर न्हाई ह्यो, सर्ज्या. उपाशी हाय.”

सर्जेराव ट्रकच्या पायरीवर बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने तो मीटरकडे बघत आला होता आणि मीटरनं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. हाच तर ताप होता. ते खोटं बोललं असतं तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

“मी त्या पिस्टनाला लई शिव्या घातल्या, उस्ताद.”

“पिस्टनाला घातल्यास तर चालतंय.”

सर्जेरावनं वर पाहिलं. उस्ताद रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसत होते.

थोड्या वेळानं तो उठला. आता काय करायचं ते स्वच्छ दिसत होतं. सहाव्याचं पेट्रोल वाढवायचं, बाकीच्यांचं हात राखून कमी करायचं आणि दर चढाला प्लग ओळीनं काढून बघायचे. रविवारपर्यंत होण्यासारखं काम होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले.

“येतो, उस्ताद. लई उपकार झालं. आता ट्रक मागं यायचा न्हाई. आनंदाला सांगतो, बस म्हणावं बिनघोर.”

“बस जरा.”

“उशीर हुतोय.”

“बस.”

उस्तादांनी स्टूल ओढलं. सर्जेरावच्या अगदी समोर ठेवलं. मग सावकाश, गुडघ्यावर हात देत, त्यावर बसले आणि उजवा कान त्याच्याकडे केला.

“मघाशी इचारलं तवा काय म्हणलास? घरी कसं हाय?”

“समदी बरी हायत, उस्ताद.”

फळीवर सहा प्लग निवत पडले होते. सर्जेरावची नजर त्यांच्यावरून सरकत गेली आणि शेवटच्यावर थांबली…

“वळीनं सांग. एकेकाचं,” उस्ताद म्हणाले.