नववं डबडं

मिरजेच्या एका संग्रहालयात जुन्या गवयांची हजारो गाणी आठ छोट्या संगणकांवर जपलेली होती. ते सांभाळणाऱ्या शमीम सतारमेकर प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या संगणकांवर ठेवत.

नवे संचालक राजाध्यक्षसाहेब यांनी कपाटाएवढा एकच संगणक आणला. दसऱ्याला त्याला झेंडूचा जाडजूड हार घालून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "शमीमबाई, गाणी आता फक्त ह्यात. तुमची डबडी उद्या भंगारात!"

"चालेल साहेब, पण आधी परीक्षा होऊ दे." शमीमबाईंनी डबड्यांवर भूप लावला. "ओढा ह्यातली कुठलीही वायर."

साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या, सगळ्यात जास्त लुकलुकणारं डबडं हेरलं आणि त्याची वायर उपटली. तान तशीच पुढे गेली. त्यांनी चिडून दुसऱ्याचीही उपटली. तरी गाणं थांबेना.

आता शमीमबाई मोठ्या संगणकाकडे वळल्या. त्यावर पाहुण्यांसाठी सनई वाजत होती.

"अहो, हात नका लावू! सगळं बंद पडेल!" साहेब आडवे आले.

"नाही लावत. पण साहेब, वायर निवडायला तुम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. इथे मला निवडावंच लागलं नसतं."

दालनात हशा पिकला. साहेब ओशाळले. "मग एवढ्या मोठ्या यंत्राचं करू काय?"

"जोडून घेऊ की ह्यांच्यातच! नववं डबडं म्हणून."

आता साहेबही हसले. त्यांनी हार सोडवला आणि प्रत्येक डबड्यावर एकेक फूल ठेवलं. नवव्यावरही एकच.