जातो म्हणायची माडी

आमच्या मोहरपेठेत मेन रोडला, जुन्या वेशीच्या अंगाला, एक दुमजली दगडी इमारत आहे. तिला मल्लाप्पाची माडी म्हणतात. खाली ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस, वरच्या मजल्यावर कबुतरं. बाहेरगावचे लोक येतात, कमानीचे फोटो काढतात, आणि निघताना उंबऱ्यावर सवयीनं म्हणतात, ‘बरंय, येतो.’ काउंटरवरचा असलम लगेच ओरडतो, ‘ओ साहेब, इथं येतो म्हणायचं नाही! जातो म्हणा!’

माणूस चपापतो. चपापणारच. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते. आणि इथं मात्र पुरुषानं जातो म्हणायचं, बाईनं जाते म्हणायचं. असं का, हे विचारलं की असलम बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवतो. बाकावर निळकंठ मास्तर बसलेले असतात. ते घसा साफ करतात आणि सुरू होतात.

ही माडी बांधली मल्लाप्पा हलगे नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं. असं सांगतात की रस्त्याकडची भिंत काही केल्या उभी राहीना. दिवसा चढवावी, सकाळी ढासळलेली. तेव्हा मल्लाप्पानं गावदेवीला नवस केला, की माडी उभी राहिली तर दारातल्या कोनाड्यात तुझा दिवा लावीन आणि तो कधी विझू देणार नाही. भिंत उभी राहिली. दिवा लागला. दुकान असं चाललं की लग्नाचा बस्ता बांधायला पाच-पन्नास गावचे लोक इथंच.

नवस मल्लाप्पाचा, राखायची मात्र भिवराबाई. ही दुकानात झाडलोट, दिवाबत्ती करायची. उतरतं वय, नवरा नाही, मूलबाळ नाही, माडीच्या जिन्याखाली निजायची. मास्तर तिला ‘साध्वी’ म्हणतात. जिला जिन्याखाली निजवली तिला मेल्यावर साध्वी म्हणायला काय जातं?

मग प्लेग आला. उंदीर पडायला लागले तशी अख्खी पेठ गाड्या जुंपून समोरच्या माळावर झोपड्या घालायला निघाली. पण दिव्याचं काय? दिवा विझला तर देवी गाव सोडील, असं थोरामोठ्यांनी ठरवलं. कुणीतरी मागं राहायला हवं. थोरामोठ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून भिवराबाईकडे बघितलं.

मल्लाप्पा म्हणे तिला म्हणाला, ‘भिवरे, तुझ्यावर गाव आहे बघ.’

ती म्हणाली, ‘गाव तर माळावर चाललंय की, अप्पा.’

‘शपथ घे. आम्ही कुणी आल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही.’

‘घेते. पर याल कधी?’

‘येत्या बाजाराला येतो की. तेल घेऊन येतो, पीठ घेऊन येतो.’

तिनं देवीच्या कोनाड्यावर हात ठेवून शपथ घेतली. गाड्या दारावरून जाताना प्रत्येक जण तिला म्हणाला, ‘येतो गं भिवरे.’ बायका म्हणाल्या, ‘येते गं.’ पोरं म्हणाली, ‘येतो.’ सगळी पेठ तिला येतो म्हणून गेली.

बाजाराचा दिवस आला. कुणी आलं नाही. पुढच्या बाजारालाही नाही. माळावरून माडीचं दार सरळ दिसायचं, आजही दिसतं. संध्याकाळी झोपड्यांतून लोक बघायचे, खाली काळोख्या गावात तो एक ठिपका पेटलेला. एकमेकांना म्हणायचे, ‘दिवा दिसतोय. म्हणजे म्हातारी आहे.’ आणि भाकरी थापायला लागायचे. ती उंबऱ्याच्या आत बसून त्यांच्या चुली बघायची. हाक मारली तर पोचणार नाही एवढं लांब, आणि धूर मोजता येईल एवढं जवळ.

रोग ओसरला तेव्हा लोक वाजतगाजत परत आले. मल्लाप्पा गाडीतूनच ओरडला, ‘आलो गं भिवरे!’ आतून ओ नाही. कोनाड्यात दिवा जळत होता. तेलाची बुधली कोरडी ठाक, तिच्यात मुंगीसुद्धा नव्हती. आणि भिवराबाई चौकटीला डोकं टेकून, माळाकडे तोंड करून बसलेली. जाऊन कितीतरी दिवस झाले होते. पाय उंबऱ्याच्या आत.

इथं मास्तर हात जोडतात. म्हणतात, देवीनं स्वतः तेल घातलं. घातलं असेल. पण कुणाच्या सोयीसाठी घातलं, हे मास्तर सांगत नाहीत. दिवा विझला असता तर निदान कुणीतरी धावत आलं असतं.

दिवस घातले, गावजेवण घातलं, आणि मल्लाप्पानं पुन्हा दुकान उघडलं. पहिल्या संध्याकाळी सवयीनं कोनाड्याला हात जोडून म्हणाला, ‘येतो.’ वेशीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्याचे पाय वळले. परत दुकानात. पुन्हा येतो म्हणून निघाला, पुन्हा परत. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. धोतर घामानं भिजलं, पण पाय काही कोपरा ओलांडेनात. शेवटी त्याची सून गौरव्वा पुढं आली आणि भर पेठेत सासऱ्याला म्हणाली, ‘मामंजी, किती खोटं बोलाल तिच्याशी? खरं सांगा. जातो म्हणा.’

मल्लाप्पा उंबऱ्याकडे बघत म्हणाला, ‘जातो, भिवरे.’ आणि गेला. परत त्या माडीत त्यानं पाऊल टाकलं नाही.

तेव्हापासून या उंबऱ्यावर जो येतो म्हणेल, त्याचे पाय वेशीच्या कोपऱ्यावरून मागं वळतात. मग माडीत दवाखाना निघाला. डॉक्टर भला होता, औषध गुणकारी होतं, पण दवाखान्यातून जातो म्हणत बाहेर पडायला कोण तयार होणार? खाटा रिकाम्याच राहिल्या. मग शाळा आली. ती मात्र टिकली. पोरांना काय, घंटा झाली की ‘जातो, जातो’ करत उधळायची. नव्या पोरांना ही रीत शिकवायचं काम निळकंठ मास्तरांचं. येतो म्हणालं तर छडी. शाळा नव्या जागेत गेली, मग एक पतसंस्था आली. तिचे संचालक एके दिवशी काहीच न म्हणता गेले. आणि आता हे बुकिंग ऑफिस. पुण्याच्या, हैदराबादच्या, बंगळूरच्या गाड्या. गावातली तरणी पोरं इथूनच चढतात.

पाहुण्यांसाठी मास्तरांची गोष्ट इथं संपते. पुढचं असलम सांगतो, मास्तर चहाला गेले की.

मास्तरांचा एकुलता एक विश्वंभर बंगळूरला नोकरीला निघाला होता. आई आधीच गेलेली. बॅग गाडीत चढवली, कंडक्टर दार वाजवत होता. विश्वंभर वाकून बापाच्या पाया पडला. तेव्हा मास्तरांनी त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, ‘विशू, येतो म्हण.’

‘बाबा, इथं?’

‘इथंच. एकदा म्हण.’

असलम म्हणतो, मी पावती फाडायची थांबलो. म्हटलं असतं तर पोरगं वेशीच्या कोपऱ्यावरून परत आलं असतं. नोकरी गेली असती, बाप एकटेपणातून सुटला असता. दोघांनाही ते माहीत होतं. माळावरून दिवा बघत बसलेल्या लोकांनासुद्धा भिवराबाईचं सगळं माहीत होतंच की.

विश्वंभरनं उंबऱ्याकडे बघितलं. मग बापाची बोटं एकेक करून सोडवली. म्हणाला, ‘जातो, बाबा.’

मास्तरांच्या हातात त्या दिवशी छडी नव्हती. ते म्हणाले, ‘हां. बरोबर.’

खोटं तरी बोलला नाही. मल्लाप्पापेक्षा बरा. पण मास्तरांना ते कसं सांगायचं?

आजही संध्याकाळची गाडी लागली की त्या उंबऱ्यावर ‘जातो, जाते’चा गलका होतो, आया पदर तोंडाला लावतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. गाडी वेशीच्या कोपऱ्यावर वळते. धूळ बसते. मग मास्तर बाकावरून मान वळवून विचारतात, ‘असलम, आज कुणी चुकून येतो म्हणालं का रे?’

‘नाही, मास्तर.’