रिकाम्या ऐरणीवरचा हातोडा

फार पूर्वी एका गावात तांबटांचा एक मोठा कारखाना होता. त्याचा मालक माडीवर बसायचा आणि खालचं काम डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचा. हातोड्यांची ठकठक ऐकू आली की स्वारी खूश. ती थांबली की वरून हाक ठरलेली, "काय रे, झोपलात का?"

मालक दुष्ट नव्हता. एकेकाळी तोही खाली बसून हंडे घडवायचा. पण माडी चढल्यापासून त्याचे कान तांबटाचे राहिले नव्हते, मालकाचे झाले होते.

आता तांब्याचं असं असतं, की ठोकून ठोकून ते कडक होतं. मग हातोडा खाली ठेवून ते भट्टीत तापवावं लागतं, म्हणजे पुन्हा मऊ होतं; नाहीतर चिरतं. पूर्वी तेवढ्या वेळात कारागीर पाणी प्यायचे, एकमेकांच्या घरचं विचारायचे. ही शांतता मालकाला खपेना. ओरडा नको म्हणून कारागिरांनी भट्टीकडे जाणंच सोडलं. नुसते ठोकत राहिले.

या कारखान्यात दोन भाऊ जोडीने काम करायचे. धाकटा हंडा धरून फिरवायचा, थोरला हातोडा मारायचा. त्यांचे ठोके इतके सारखे पडत, की विहिरीवरच्या बायका नुसता हंडा बघून म्हणत, "हा त्या भावांचा."

एका वर्षी तापाच्या साथीत धाकटा गेला. सुतक संपवून थोरला कामावर आला, तेव्हा मालक वरूनच म्हणाला, "आलास? बरं झालं. लग्नाचे हंडे अडलेत."

थोरल्याने मान हलवली आणि एकटाच कामाला बसला. बाकीच्यांनाही वाईट वाटत होतं, पण बोलायचं कधी?

लग्नाचे हंडे गेले आणि लगेच परत आले. पाणी भरलं की गळायचे. सर्वांत मोठी चीर थोरल्याच्या हंड्याला होती. मालक भडकला. "याला आजच घरी बसवतो," तो म्हणाला.

दुपारी सगळे जेवायला गेले, तरी खाली एक हातोडा वाजतच होता. मालक चिरलेला हंडा घेऊन जिना उतरला. बघतो तर थोरला! अर्धवट हंडा बाजूला पडला होता, आणि तो रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे, हे काय चाललंय?"

थोरला दचकला. "आवाज थांबला की तुम्ही ओरडता, मालक. म्हणून वाजवत होतो. हात चालतात, पण मन लागत नाही. समोर बघितलं की ती जागा रिकामी दिसते."

मालकाने हातातल्या हंड्याकडे पाहिलं. नुसता ठोकलेला, एकदाही न तापवलेला. चीर कशाने पडते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला स्वतःचीच फार लाज वाटली.

त्याने उपरणं काढून ठेवलं, भट्टी पेटवून अर्धवट हंडा तिच्यात सरकवला आणि धाकट्याच्या जागी मांडी घालून बसला. "हा मऊ होईपर्यंत वेळ आहे. मला त्याच्याबद्दल सांग. मी तर कधी विचारलंच नाही."

थोरला आधी पोटभर रडला. मग बोलू लागला. धाकटा काम करताना कसा गुणगुणायचा, ठोका चुकला की कसा चिडवायचा. सांगता सांगता तो हसलासुद्धा. जेवून परतलेले कारागीर एकेक करून भोवती येऊन बसले.

मालकाने हंडा बाहेर काढला, पाण्यात निववला आणि धरून फिरवू लागला. सवय मोडलेली, हंडा वेडावाकडा फिरे.

"धाकटा बरा फिरवायचा," थोरला म्हणाला.

"माहीत आहे," मालक म्हणाला. "तू मार."

तो हंडा गळला नाही. त्यानंतर कारखाना अधूनमधून शांत होऊ लागला. भट्टी पेटलेली, हातोडे खाली, माणसं बोलत बसलेली आणि मालकही त्यांच्यातच. कुणी वाटसरू डोकावून विचारायचा, "आज काम बंद का?"

"छे," मालक म्हणायचा, "चालूच आहे की."

तात्पर्य: हात हुकमाने चालतात, मन मात्र कुणी विचारपूस केली तरच कामात उतरतं.