हापशाची पिन

"म्हणजे जगतात ते कशावर, अप्पा?"

संगमेश बिरादारनं तिसऱ्यांदा विचारलं. मठाचे अप्पा बादलीच्या कड्याला दोर बांधत होते. गाठ मनासारखी बसत नव्हती, आणि ती बसेपर्यंत बोलायचं नाही असा त्यांचा नियम असावा.

मुरंबीच्या माळावर औद्योगिक वसाहत आहे. तिच्या कुंपणाला लागून जंगमांचा हा जुना मठ. वसाहतीत प्लॉट बत्तीस, फलक बत्तीस, उघड्या शेड चार. त्यातल्या तीन शेडांत मंगल कार्यालयाच्या खुर्च्या ठेवतात. चौथी संगमेशची. पुण्याची नोकरी सोडून तो गावी परतला होता आणि सोयाबीन चाळायचं छोटं यंत्र बनवत होता. यंत्र चांगलं होतं. कंपनी मरायला टेकली होती.

"कोण जगतात?" अप्पा म्हणाले.

"नवे धंदे. आपल्याकडं दोन वर्षांत मरतात, पुण्यात तगतात. का, ते शोधून मी तक्ता केलाय."

त्यानं खिशातून कागद काढला. भांडवल, बाजारपेठ, रस्ते, वीज, सरकारी धोरण, मार्गदर्शन. सातवं कलम, पुरवठा साखळी. कारखान्यातला एखादा साधा दांडा तुटला, की नवा पुण्याहून येईपर्यंत चार दिवस शेड बंद राही आणि कामावरच्या नऊ बायका भिंतीच्या सावलीला बसून राहत. त्या प्रकाराचं हे नाव. अडचणीला कागदावर नाव पडलं, की माणसाला ती निम्मी सुटल्यासारखी वाटते.

"आणि मी काही कमी केलं नाही, अप्पा. पाच वर्षं दर रविवारी फुकट वर्ग घेतला. वर्कशॉपातली होतकरू पोरं निवडून घेतली. एकोणचाळीस जण कामाला लागले. सगळे तिकडं, पुण्याला, चाकणला. फोटो लावलेत एकेकाचे."

ती भिंत साऱ्या मुरंबीनं पाहिली होती. शेडमध्ये शिरल्याबरोबर समोर चाळीस चौकटी. एकोणचाळीस फोटो, खाली नाव आणि कंपनी. शेवटची चौकट रिकामी. फोटोंना हार नव्हते, तेवढ्यावरूनच माणसं हयात आहेत हे कळायचं.

"पुण्याहून पत्र आलंय," संगमेश हळू आवाजात म्हणाला. "भांडवल घालणारे म्हणतात, कंपनी इकडं हलवा, नाहीतर आम्ही नाही. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. हलवली तर ती जगेल, या नऊ जणी घरी बसतील. नाही हलवली तर दिवाळीपर्यंत सगळेच घरी बसू."

"तक्ता काय म्हणतो?"

"तक्ता म्हणतो, जा."

"मग?"

"आई म्हणाली, अप्पांना विचारल्याशिवाय सही करू नको."

अप्पांनी गाठ ओढून पाहिली. ती सुटली.

"पाणी पाजलं असतं तुला," ते म्हणाले. "पण हापसा बंद आहे. दोन महिने झाले. अर्ज दिलाय. अर्जाला नंबर पडलाय."

कोनाड्यातून त्यांनी एक लोखंडी पिन काढली आणि संगमेशच्या तळहातावर ठेवली. हापशाच्या दांड्याची. चार बोटं लांब, एका टोकाला आटे. मधोमध झिजून तुटायला आलेली.

"अशी एक आण. गावातून. बाहेरून मागवायची नाही."

"आणली की सांगाल?"

"आणली की विचार."

संगमेशला हसू आलं. साधू माणसं प्रश्न विचारला की असलं काहीतरी काम सांगतात, हे त्यानं वाचलं होतं. अर्ध्या तासाचं काम. त्यानं मोटरसायकलला किक मारली.

नागनाथ पांचाळांचं लेथ बाजारगल्लीत होतं. तालुक्यातल्या निम्म्या मोटारींचे दांडे त्यावर निघाले होते. आता लेथवर गोणपाट होतं, आणि गोणपाटावर वाळत घातलेल्या मिरच्या.

म्हाताऱ्यानं पिन हातात घेतली. डोळ्यांपाशी नेलीच नाही. अंगठा फिरवला.

"पाऊण इंची. आटे दहाचे. मठाचा हापसा का?"

"हो. निघेल?"

"दहा मिनिटांचं काम." त्यांनी पिन परत दिली. "हात चालतो, सर. डोळे गेले. महेश असता तर…"

महेश भिंतीवर होता. दुसरी ओळ, तिसरा.

"महेश काय म्हणतो?"

"बरा आहे. पिनाच काढतो म्हणं तिकडं, मोटारीच्या. दिवसाला दोन हजार नग." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तुमच्यामुळं पोरगं मार्गाला लागलं, सर. बसा, चहा ठेवायला सांगतो."

संगमेश चहाला बसला नाही.

खाजाभाईंच्या वर्कशॉपात शाळेचे गणवेश शिवत होते. खाजाभाई स्वतः काज करत बसले होते. लेथ भंगारात गेल्याचं त्यांनी सांगितलं; भाचा गेल्यावर चालवणार कोण? मग उठून त्यांनी संगमेशचा हात दोन्ही हातांत धरला.

"भाच्यानं तिकडं खोली घेतली. तुमचे उपकार, सर."

जुन्या जिनिंगच्या कारखान्यात एक लेथ उरलं होतं, त्याला कुलूप होतं. किल्ली राखणदाराकडं होती. चालवता येणारा त्याचा मुलगा होता, तो चाकणला. राखणदारानं उभं राहून हात जोडले. "आमचं लेकरू तुमच्या भिंतीवर आहे, साहेब."

दुपार कलेपर्यंत त्यानं मुरंबीतली सगळी दारं पाहिली. पिन कुठंच मिळाली नाही. आभार मात्र प्रत्येक ठिकाणी मिळाले. एवढे आभार एका दिवसात पचवायची कुणालाच सवय नसते.

शेवटी तो आपल्या शेडवर आला. नमुन्याचे प्लास्टिकचे सुटे भाग छापायचं एक यंत्र त्याच्याजवळ होतं, थ्री-डी प्रिंटर. मोजमाप संगणकावर चढवलं आणि पिन छापायला लावली. नऊ बायका बाहेर भिंतीशी बसल्या होत्या. सकाळीच शेडमधल्या यंत्राचा दांडा तुटला होता.

"सर, उद्या यायचं का?" त्यांतल्या गंगूबाईंनी विचारलं.

"…बघू."

यंत्र तासभर घरघरत राहिलं. तेवढा वेळ संगमेशला समोरच्या भिंतीशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं.

ऊन उतरता उतरता तो मठात परतला. पिन नारिंगी रंगाची निघाली होती. यंत्रात तेवढाच रंग शिल्लक होता. अप्पांनी ती उलटसुलट पाहिली.

"गावात निघाली?"

"माझ्या शेडमध्ये."

"बसव."

त्यानं बसवली. आटे नीट बसले. मोजमापात एका केसाची चूक नव्हती. त्यानं दांडा धरला, खाली दाबला, वर सोडला. खाली, वर. आतून घशाशी आल्यासारखा आवाज झाला. अप्पा पुढं वाकले. पाणी तोटीच्या तोंडाशी आलं.

पाचव्या हिसक्याला पिन मोडली. दांडा सैल होऊन खाली लोंबला, आणि तोंडाशी आलेलं पाणी आत उतरत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.



अप्पांनी नारिंगी तुकडे वेचले, पुसले आणि संगमेशच्या हातात दिले. मग बादलीला दोर बांधायला बसले. या वेळी गाठ बसली. ते आडावर गेले, बादली सोडली, ओढली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला लागतो तेवढा वेळ लागला. संगमेश मदतीला उठला, तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

पाणी पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला. तक्ता खिशात होता. तो त्यानं काढला नाही.

"अप्पा, सगळ्यांनी आभार मानले हो माझे."

"मानणारच. भलं केलंस त्यांचं."

"थट्टा करताय?"

"नाही."

वसाहतीवरून वारा आला. कुठल्या तरी शेडचा सुटलेला पत्रा वाजू लागला. बंद शेड असली की पत्र्याला तेवढंच काम उरतं.

"मी पिन आणली नाही," संगमेश म्हणाला. "तरी विचारतो. उद्या सही करायचीय. जाऊ… का राहू?"

अप्पांनी दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. लोखंडी पिन कोनाड्यात परत ठेवली. दारापर्यंत गेले, थांबले.

"तुझ्या भिंतीवर," ते म्हणाले, "एक चौकट रिकामी आहे ना अजून?"